प्रीएम्प्ट करताय? या चुका टाळा

'जजमेंट' खेळत ब्रिजकडे आलेल्यांना प्रीएम्प्ट, म्हणजे कमी ताकद पण एका रंगाची लांब पाने असताना सुरुवातीलाच उंच बोली लावणे, पटायला वेळ लागतो. जजमेंटमध्ये जितके हात बोललात तितकेच करायचे. इथे मात्र ३ इस्पिक बोलणाऱ्याचे नऊ हात (बोलीचा आकडा अधिक सहा) होतीलच असे नाही, बहुधा होणारही नसतात. समोरच्या जोडीला एकाच्या आणि दोनाच्या पातळीवर आपापली पाने सांगायला जागा उरू नये, यासाठी हात कमी पडण्याची किंमत आधीच मोजलेली असते. बहुतेक चुका या मोजणीतच होतात.

गुण मोजले, हात मोजलेच नाहीत

"सात पाने आणि दहापर्यंत गुण" (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) एवढ्यावर तिनाची बोली लावणे ही सर्वांत महागडी सवय. तेरा पानांचे हे दोन संच पाहा.

अ) इस्पिक राजा-राणी-गुलाम-१०-७-५-३, बदाम ४, चौकट ९-६-२, किलवर ८-५

ब) इस्पिक गुलाम-८-६-५-४-३-२, बदाम एक्का-५, चौकट राजा-राणी, किलवर ७-४

'अ'मध्ये गुण फक्त सहा. पण हुकूम इस्पिक असेल तर एक एक्का दिला की सहा हात घरचे. हुकूम दुसऱ्याचा असेल तर मात्र ही पाने जवळजवळ निरुपयोगी. प्रीएम्प्टला हेच हवे. 'ब'मध्ये दहा गुण आहेत आणि त्यांतले नऊ इस्पिकच्या बाहेर. बदामाचा एक्का आणि चौकटीचा एक हात कोणाच्याही हुकमात मिळतो, म्हणजे ही पाने बचावाला चांगली. उलट स्वतःच्या हुकमात एक्का, राजा, राणी तिन्ही बाहेर. इथे पास करा.

व्हल्नरेबिलिटी न पाहता बोली

प्रत्येक डावात कोणती जोडी व्हल्नरेबल, म्हणजे दंड आणि बक्षीस दोन्ही मोठे असलेली, हे ठरलेले असते; बाकीची नॉन-व्हल. समोरच्यांनी डबल करून दंड वाढवला आणि तुम्ही बुडालात, तर एक ते चार हात कमी पडल्यावर नॉन-व्हल असताना स्कोअरमधून १००, ३००, ५००, ८०० असे जातात. व्हल्नरेबल असताना २००, ५००, ८००, ११००. समोरच्यांनी ४ बदाम बरोबर केले तर त्यांना नॉन-व्हल ४२०, व्हल्नरेबल ६२०. म्हणून ब्रिजचे गाजलेले खेळाडू-लेखक एली कल्बर्टसन यांचा दोन-तीनचा नियम आजही उपयोगी आहे: स्वतःचे पक्के हात मोजा आणि व्हल्नरेबल असाल तर त्यापेक्षा दोन, नसाल तर तीन जास्त बोला. दोन्हीकडे नुकसान ५००वर थांबते.

'अ' पाने नॉन-व्हल असताना सहा अधिक तीन, म्हणजे नऊ. ३ इस्पिक सरळ बोला. समोरचे व्हल्नरेबल असतील तर ५०० देऊन ६२० वाचतात. तेही नॉन-व्हल असतील तर ८० गुण जातात, टीम सामन्यात फक्त २ इम्प (स्कोअरच्या फरकावरून मिळणारे एकक). आणि भिडू एखादा हात घेऊन येतो, शिवाय डबल दरवेळी होतही नाही, त्यामुळे तेवढे सोसावे. पण आपण एकटे व्हल्नरेबल असताना तीच बोली ८०० घालवू शकते. ४२०शी तुलना केली तर ३८० गुणांचा, म्हणजे ९ इम्पचा फटका. तिथे २ इस्पिक पुरे.

जुन्या शिकवणीत नॉन-व्हल चार डाऊन (चार हात कमी) म्हणजे ७०० असे सांगितलेले असते. १९८७ पासून कमी पडलेल्या चौथ्या हातापासून पुढे प्रत्येकी ३०० लागतात. जुन्या आकड्यांवर धाडस करू नका.

बसण्याची जागा विसरणे

बोलीच्या क्रमात पहिल्या जागेवर पुढे दोन प्रतिस्पर्धी आणि एक भिडू आहे. अडचण त्यांचीच होण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या जागेवर एक प्रतिस्पर्धी आधीच पास झालेला असतो. उरलेली ताकद भिडूकडे असण्याची शक्यता निम्मी, म्हणून इथे रंग उत्तम हवा. तिसऱ्या जागेवर भिडूने पास दिलेला असतो आणि मोकळीक सर्वांत जास्त: सहा पानांवरही तिनाची बोली चालते. फक्त रंगात राजा-राणीसारखे काही असू द्या, कारण भिडू उतारी त्याच रंगाची करणार. चौथ्या जागेवर तिघे पास झाले असतील तर अडवायचे कोणाला? तिथे २ इस्पिक म्हणजे साधारण १० ते १३ गुण, चांगली सहा पाने आणि आठ हात करण्याचा खरा इरादा. कमकुवत पाने असतील तर डाव सोडून द्या.

इस्पिक राजा-गुलाम-८-४, बदाम ६, चौकट राणी-गुलाम-१०-९-७-५-३, किलवर २ अशी पाने असतील तर पहिल्या दोन जागांवर ३ चौकट बोलू नका. भिडूकडे चार इस्पिक असले तर आपलाच गेम (४ इस्पिकसारखी बोनस देणारी बोली) आपण गाडतो. तिसऱ्या जागेवर हीच बोली बिनधास्त लावा.

भिडूच्या चुका

निम्मे चांगले प्रीएम्प्ट समोर बसलेला बिघडवतो. भिडू नॉन-व्हल असताना ३ बदाम बोलला आणि तुमच्याकडे इस्पिक राजा-राणी-गुलाम-४, बदाम ७, चौकट राजा-राणी-गुलाम-५, किलवर राणी-गुलाम-६-२ आहेत. पंधरा गुण पाहून हात शिवशिवतो. पण एक्का एकही नाही. तीन बाजूंचे एक्के आणि किलवरचा राजा गेले की ३ बदामही धोक्यात. ३ नोट्रंप (बिनहुकमाचा डाव) तर आणखी वाईट, कारण भिडूच्या बदामांपर्यंत पोचायला वाटच नाही. पास.

आता इस्पिक एक्का-राजा-६-३, बदाम राजा-५, चौकट एक्का-७-४-२, किलवर ८-६-३. गुण चौदाच, पण भिडूच्या सहा हातांत तीन पक्के हात मिळाले आणि बदामाच्या राजाने त्याच्या रंगातले भोक बुजले. दहा हात, ४ बदाम बोला. प्रीएम्प्टसमोर एक्के, राजे आणि हुकमाचे मोठे पान मोजायचे. बाजूच्या राण्या-गुलामांना किंमत नाही.

कमकुवत पाने आणि भिडूच्या रंगाची तीन पाने असतील तर उलटे करा. सात अधिक तीन म्हणजे दहा हुकूम, म्हणजे दहा हातांची पातळी. एकूण हुकमांचा हा हिशेब फ्रान्सच्या जाँ-रेने व्हेर्न यांनी मांडला. नॉन-व्हल असाल तर ३ इस्पिकवर लगेच ४ इस्पिक बोला. समोरच्यांनी एकमेकांना शोधल्यावर बोललात तर अडवणूक संपलेली असते.

दुसऱ्यांदा बोलणे

तुम्ही ३ बदाम बोललात, डावीकडून ३ इस्पिक आले, पुढे दोन पास. तुमचा आठवा बदाम लपलेला असला तरी आता ४ बदाम नाही. आठ पाने होती तर सुरुवातच चाराने करायला हवी होती. तुमची पाने भिडूला कळली आहेत, त्याची तुम्हाला नाहीत. पुढचा निर्णय त्याचा. त्याने ३ इस्पिकला दंडाचे डबल दिले तर ते ठेवा. तो ३ नोट्रंप बोलला तर तेही ठेवा, तुमच्याकडे एकही एक्का नसला तरी. अपवाद एकच: भिडूने ३ बदामावर ३ इस्पिकसारखा नवा रंग गेमच्या खाली काढला, तर ती बोली फोर्सिंग, म्हणजे तुम्हाला पास करता येत नाही. इस्पिकची तीन पाने किंवा मोठे पान घेऊन दोन असतील तर ४ इस्पिक, नाहीतर ४ बदाम.