येझी डुडेकची पेनल्टी: काय उचलावं, काय सोडावं

पोलंडचा गोलरक्षक येझी डुडेक म्हटलं की 25 मे 2005 ची इस्तंबूलची रात्र आणि गोलरेषेवर लटपटणारे त्याचे पाय आठवतात. सरावाला येणारी पोरं नेमका तो नाचच उचलतात. डुडेक तेव्हा लिव्हरपूलकडून खेळत होता; मिलानविरुद्धच्या त्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्याचा निकाल पेनल्टी शूटआउटवर लागला. त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे, पण ते नाच थांबल्यानंतरचं आहे.

आधी सोडायचं काय ते. शूटआउटमध्ये मिलानच्या पिर्लोची पेनल्टी अडवताना डुडेक रेषा सोडून बराच पुढे आला होता. पंचांनी तेव्हा ते चालवून घेतलं. आज ती पेनल्टी पुन्हा मारायला लावतील. आताच्या नियमाप्रमाणे चेंडूला लाथ बसते त्या क्षणी गोलरक्षकाच्या निदान एका पावलाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा रेषेमागे हवा. हे चुकवून चेंडू अडवला तर पहिल्यांदा ताकीद, पुन्हा केलं तर पिवळं कार्ड. खांब, आडवा बार, जाळी यांना हात लावून मारणाऱ्याचं लक्ष उडवणंही आता चालत नाही. रेषेवर डावीउजवीकडे हलायला मात्र मुभा आहे.

ही मुभा वापरताना सगळ्यात जास्त चुका होतात. ताशी 100 किमी वेगाचा चेंडू 11 मीटर अंतर सुमारे 0.4 सेकंदात कापतो. तेवढ्यात वजन चुकीच्या पायावर असेल तर झेप निघतच नाही. म्हणून मारणाऱ्याचं टेकायचं पाऊल चेंडूशेजारी पडायच्या आत हालचाल संपवा: पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, टाचा किंचित उचललेल्या, गुडघे वाकलेले. झेप बाजूला सरळ नको, तिरकी पुढे घ्या. मागचा पाय रेषेवर राहू द्या. रेषेच्या सरळ रेघेत मोबाइल ठेवून चित्रण करा, पाय कधी सुटतो ते लगेच कळतं.

आता खरा धडा. मिलानच्या शेवचेन्कोच्या, शूटआउटमधल्या शेवटच्या पेनल्टीला डुडेक स्वतःच्या उजवीकडे पडत होता आणि चेंडू जवळजवळ मधोमध आला. तो अडवला मागे राहिलेल्या डाव्या हाताने. बहुतेकांचा हा हात पडताना मांडीजवळ जातो, किंवा गडी पाठीवर वळतो आणि हात वर येतच नाही.

सराव असा: एक गुडघा टेकून बसा, उजवीकडे पडायला सुरुवात करा. प्रशिक्षकाने 5–6 मीटरवरून चेंडू मध्यावर फेकायचा, तुम्ही डाव्या हाताने वर ढकलायचा. छाती चेंडूकडेच, मनगट ताठ. दोन्ही बाजूंना 8–8 चेंडू, असे 3 फेरे. हे जमल्यावर 11 मीटरवरून 5 पेनल्ट्यांचे 4 फेरे, मध्ये एक मिनिट विश्रांती. पाचांतल्या दोन मधोमध मारायच्या, कुठल्या ते गोलरक्षकाला सांगायचं नाही. जमीन कडक असेल तर कोपर आणि नितंबाला पॅड लावा, नाहीतर पोरं पडायलाच कचरतात.

शूटआउटचं वेगळं, पण सामना चालू असतानाच्या पेनल्टीनंतर खेळ सुरूच राहतो, हे विसरू नका. त्याच रात्री जादा वेळ संपत आला असताना डुडेकने शेवचेन्कोचा हेडर अडवला, चेंडू पुन्हा त्याच्याच पायाशी गेला आणि अगदी जवळून मारलेला तो फटकाही डुडेकने हाताने बारवरून घालवला. म्हणून प्रत्येक झेपेनंतर, गोल झाला तरी, खालचा गुडघा पोटाखाली ओढून उठा आणि दुसरा चेंडू घ्या.