लव्हबर्डने अचानक अंडं घातलं? ते उचलू नका

आमच्या बंड्याने पहिलं अंडं घातलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. पीच-फेस जातीचा लव्हबर्ड, म्हणजे चेहरा गुलाबी-केशरी आणि अंग हिरवं. या जातीत नर-मादी दिसायला सारखेच असतात. पिसांची किंवा रक्ताची डीएनए चाचणी केली तर कळतं, नाहीतर असं सकाळी चहाच्या वेळी पिंजऱ्याच्या जाळीवर मोठ्या बोराएवढं पांढरंशुभ्र अंडं दिसलं की कळतं. दुकानदाराने "ताई, शंभर टक्के नर" असं सांगितलं होतं. नाव तेच राहिलं, क्रियापदं मात्र बदलावी लागली.

खरं तर महिनाभर आधीच कळायला हवं होतं. कागद दिसला की बंड्या त्याच्या कडेवर बसायची, चोचीने शिवणयंत्रासारखी ओळीने छिद्रं पाडत जायची आणि बोटभर लांबीची सरळ पट्टी काढायची. मग मान मागे वळवून ती पट्टी कमरेच्या पिसांत खोचायची. विजेच्या बिलाच्या अशा सहा पट्ट्या खोचून ती घरभर उडत होती आणि आम्ही व्हिडिओ काढत होतो. पीच-फेस मादी घरट्याचं सामान असंच वाहून नेते. तुमचं पाखरू हे करत असेल तर हा लेख आत्ताच वाचून ठेवा.

नर नसताना अंडं कसं, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. कोंबडा नसताना कोंबडी घालते तसंच. त्या अंड्यातून पिल्लू येत नाही, बस.

बंड्यानंतर माझ्याकडे आणि ओळखीपाळखीत अशी पंधरा-वीस तरी बाळंतपणं मी निस्तरली आहेत. त्यावरून जे ठरलं ते सांगते.

पहिल्या दिवशी

अंडं जाळीवर असेल तर जाळी काढा, तळाला साधा टिश्यू किंवा लाकडाचा भुसा पसरा आणि अंडं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एका उथळ झाकणात ठेवा. फुटलं असेल तर टाका. कॅलेंडरवर तारीख लिहा.

मातीची मटकी, म्हणजे छोटं मडकं, लावू नका. बाजारात लव्हबर्डसाठी भोक पाडलेली मटकी मिळते आणि अंडं दिसलं की प्रत्येक जण तीच आणायला धावतो. मटकी दिसली म्हणजे मादीला वाटतं, घर मिळालं, आता संसार थाटावा. एका अंड्यावर भागलं असतं तिथे सहा होतात.

नरही आणू नका. शेजारच्या काकू मला म्हणाल्या होत्या, "अगं, बिचारीचं लग्न तरी लावून दे." काकूंना काय सांगणार? लव्हबर्डची मादी नरापेक्षा भांडखोर असते, अंड्यावर बसलेली तर विचारूच नका. तिच्या पिंजऱ्यात अनोळखी पाखरू सोडलं तर ती त्याचे पाय फोडते, प्रसंगी जीवही घेते.

आधीपासूनच दोन पक्षी असतील तर अंडी मोजा. एक मादी साधारण चार ते सहा अंडी घालते, एक दिवसाआड एक. आठ-दहा झाली तर तुमची 'जोडी' म्हणजे दोन बायकाच आहेत. नर खरंच असेल आणि पिल्लं नको असतील, तर प्रत्येक अंडं घातलं त्याच दिवशी दहा मिनिटं उकळा, कोमट होऊ द्या आणि परत ठेवा. आठवड्याने उकळू नका, तोवर आत जीव धरलेला असतो. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरलं की लाल शिरा दिसतात. त्या दिसल्यावर उकळायचा धीर तुम्हाला होणार नाही आणि होऊही नये.

खाणं

कवचासाठी लागणारं कॅल्शियम मादी स्वतःच्या हाडांतून काढते. ते भरून द्यायचं. समुद्रफेण पिंजऱ्याला टांगा, म्हणजे माकुळाच्या पोटातलं ते पांढरं, ठिसूळ हाड. कोकणातल्या किनाऱ्यावर वेचलेलं असेल तर चार दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून भिजवा आणि उन्हात कडक वाळवा. समुद्रफेणाला ती तोंड लावत नसेल तर कोंबडीच्या अंड्याचं कवच उकळून, वाळवून, भरड कुटून द्या. नाचणी, शेवग्याचा पाला, मेथी द्या. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. सूर्यफुलाच्या बिया बंद. चरबी चढलेल्या मादीचं अंडं अडकण्याची भीती जास्त, आणि आपल्याकडच्या निम्म्या लव्हबर्डना राळ्याऐवजी त्या बियांचाच रतीब असतो.

सकाळचं कोवळं ऊन पंधरा-वीस मिनिटं हवंच, कारण ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. ऊन खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही, कामाचे किरण काच अडवते. अर्धा पिंजरा सावलीत ठेवा. कॅल्शियमचे थेंब स्वतःच्या मनाने पाजू नका.

अंडी तिच्याजवळच ठेवायची

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

मला तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं होतं. अंडं फोल आहे, उगाच बसून बसून पाखरू झिजेल, उचलून टाक. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मी उचललं. दोन दिवसांनी दुसरं आलं, तेही उचललं. तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता संपलं. सव्वा महिन्यात 11 अंडी झाली. पन्नास ग्रॅमच्या आसपास वजनाचं पाखरू ते, आणि तिच्या पोटातून निघालेलं कॅल्शियम मी रोज कचऱ्याच्या डब्यात टाकत होते.

माझी आई गावाहून आली आणि एका वाक्यात मला गप्प केलं. म्हणाली, "अगं, कोंबडीची अंडी आपण रोज उचलतो म्हणूनच तर ती घालत राहते. उचलायचं थांबवलं की खुडूक बसते." माझं आजोळ सगळं कोंबड्यांचं, लहानपणी खुराड्यात हात घालून अंडी मीच काढायचे, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

लव्हबर्डचंही हेच. पायाखाली ठरावीक अंडी जमली की तिचं शरीर घालणं थांबवून बसणं सुरू करतं. ती जमूच दिली नाहीत तर शरीर पुढचं अंडं बनवत राहतं. बसण्याने पाखरू झिजत नाही. झिजतं ते अंडं बनवण्याने. म्हणून फोल असली तरी सगळी अंडी तिच्याजवळ ठेवा. एखादं फुटलं तर त्याजागी प्लॅस्टिकचं खोटं अंडं ठेवा, तेवढ्याच आकाराचं. कबुतरवाल्यांकडचं मोठं असतं, ते नको.

दुसऱ्या-तिसऱ्या अंड्यानंतर ती खरी खुडूक बसेल. तिला बसू द्या. जवळ गेलात की फुगून, चोच उघडून अंगावर येईल. चार वर्षं खांद्यावर बसलेलं पाखरू असं करतं तेव्हा वाईट वाटतं, पण मनाला लावून घेऊ नका. दिवसातून दोन-चार वेळाच उठेल आणि तेव्हा एकदम मोठी, दुर्गंधीची विष्ठा टाकेल. नेहमीच्या पाचपट. मी पहिल्यांदा ती पाहून जुलाब समजले आणि औषध शोधत फिरले. मादी अंड्यांवर घाण होऊ नये म्हणून विष्ठा रोखून धरते, इतकंच. उठत नाही म्हणून हाताने उचलू नका, दाणापाणी फक्त दोन पावलं जवळ सरकवा.

तीन आठवड्यांच्या पुढे, साधारण 21 ते 25 दिवसांत, तिचं तिलाच कळतं. बाहेर जास्त वेळ राहते, अंड्यांकडे पाठ फिरवते. सलग दोन दिवस ती अंड्यांवर बसली नाही की मगच उचला.

अंडं अडकलं तर

माझ्या उचलाउचलीचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण ही चूक मी दुसऱ्या कोणाला करू देणार नाही. बारावं अंडं आलंच नाही. डिसेंबरातली पुण्याची थंडी. सकाळी बंड्या दांडीवर नव्हती, तळाशी कोपऱ्यात पिसं फुगवून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, श्वासागणिक शेपटी वर-खाली होत होती, मध्येच जोर केल्यासारखं अंग ताणायची. एक पाय नीट टेकत नव्हता. मला वाटलं थंडी लागली.

ही लक्षणं पाठ करा. तळाशी बसणं, फुगणं, शेपटी हलणं, जोर करणं, लंगडणं. अंडं घालणाऱ्या मादीत यातली दोन जरी एकत्र दिसली तरी अंडं अडकलंय असं धरूनच चाला. एवढं लहान पाखरू एका दिवसात जाऊ शकतं. "उद्या बघू" म्हणू नका.

डॉक्टर मिळेपर्यंत घरी करायचं ते एवढंच: ऊब आणि दमट हवा. जोडे येतात तसल्या खोक्यात मऊ फडकं घाला आणि कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे तिला नको वाटलं तर सरकता येईल. आत तीस अंशांच्या आसपास हवं. बल्ब लावणार असाल तर जुना पिवळा लावा. मी तासभर एलईडी लावून बसले होते, त्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवा, तिला पोहोचणार नाही असं. अंधार आणि शांतता.

पोट दाबू नका. हे मी ओरडून सांगते आहे असं समजा. आत अंडं फुटलं की कवचाचे तुकडे आतून कापतात आणि मग डॉक्टरांच्याही हाती फार काही उरत नाही. शेपटीखाली एरंडेल, खोबरेल काहीही चोपडू नका. अंडं वर अडकलेलं असतं, तिथवर तेल जात नाही. पिसं मात्र तेलकट होतात आणि थंडीत ती ऊब धरत नाहीत. मला सांगणाऱ्यांनी दोन्ही उपाय सांगितले होते. तेल मी लावलंही, पुढचे आठ दिवस पिसं चिकट होती.

पहिल्या दवाखान्यात "निघेल आपोआप" म्हणून परत पाठवलं. ते कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर, त्यांनी पाखरू हातातही घेतलं नाही. दुसऱ्यांनी एक्स-रे काढला, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, उबेत ठेवलं आणि रात्री नऊला अंडं बाहेर आलं. कवच असं नव्हतंच, बोट लावलं तर दबणारी पातळ पिशवी. कॅल्शियम संपलेलं शरीर दुसरं काय बनवणार?

म्हणून पहिलं अंडं दिसेल त्या दिवशीच पक्ष्यांचा डॉक्टर शोधून नंबर भिंतीवर चिकटवा. जवळ कोणी नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे ती आहेत. फोनवर "पक्षी बघता का?" एवढं न विचारता "अंडं अडकलेला छोटा पक्षी हाताळलाय का?" असं विचारा.

पुन्हा होऊ नये म्हणून

सगळ्यात मोठा दोष आपल्या ट्यूबलाइटचा. हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत दिवा, टीव्ही, गप्पा. पाखराला वाटतं दिवस मोठा झाला, म्हणजे विणीचा हंगाम आला. संध्याकाळी सातला पिंजरा आतल्या खोलीत नेऊन वर जाड, हवा खेळेल असं कापड टाका. बारा ते चौदा तास अंधार, सलग तीन आठवडे. मी हे एकच नीट पाळलं तेव्हा बंड्याची अंडी वर्षात तीन वेळांवरून एकदाच झाली.

आरसा काढा. कागद काढा. कपाटामागे, सोफ्याखाली, पडद्याच्या घडीत शिरू देऊ नका. पाठीवरून हात फिरवू नका, डोकं-मान खाजवलेली चालते. पाठीवर हात फिरवणं म्हणजे तिच्या भाषेत तुम्हीच नवरा झालात. पिंजऱ्यातल्या दांड्या-वाट्यांची जागा बदला. एवढं करूनही वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा अंडी झाली तर हार्मोनच्या उपायाबद्दल डॉक्टरांशी बोला.

सोडून दिलेली अंडी कागदात गुंडाळून सरळ ओल्या कचऱ्यात टाका. आत काय आहे ते बघायला स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोडू नका. तीन आठवडे पाखराच्या उबेत राहिलेलं फोल अंडं मी एकदा फोडलं होतं. त्या दिवशी जेवण बाहेरून मागवलं.