निबंधातली वाक्ये एकमेकांत गुंफायला मुलांना कसे शिकवावे

पाचवी-सहावीतली मुले बहुधा असे लिहितात: "मला पावसाळा आवडतो. बेडूक ओरडतात. शेतकरी आनंदी होतो. आम्ही होड्या सोडतो." एकही वाक्य चुकीचे नाही. पण त्यांचा क्रम उलटा केला तरी काही बिघडत नाही, आणि दुखणे तिथेच आहे.

सुरुवात वहीत नको, चिठ्ठ्यांवर करा. 'पावसातली एक दुपार' असा नेमका विषय द्या आणि सुचेल ते 8-10 चिठ्ठ्यांवर एकेका शब्दात लिहायला सांगा. मग चिठ्ठ्या जमिनीवर मांडून त्यांचा क्रम लावायचा, आणि याच्यानंतर हेच का, ते तोंडी सांगायचे. ज्या चिठ्ठीचे कारण सांगता येत नाही ती बाजूला काढा. बेडूक कितीही आवडता असला, तरीही.

आता लिहिताना एकच नियम: प्रत्येक वाक्याने मागच्या वाक्यातले काहीतरी हातात धरायचे. "दुपारी टपोरे थेंब पडू लागले. त्यांनी अंगणातली माती भिजली. तिचा वास थेट स्वयंपाकघरात आला." 'तिचा'पासून 'माती'पर्यंत पेन्सिलीने बाण काढायला लावा. बाण दोन ठिकाणी जात असेल तर वाचणारा अडखळतो. "आईने ताईला हाक मारली. ती ओट्यापाशी होती." ती कोण? अशा वेळी नाव पुन्हा लिहिलेलेच बरे.

'म्हणून', 'तरी' अशा वाक्ये जोडणाऱ्या जोडशब्दांची यादी पाठ करून घेऊ नका. मग प्रत्येक ओळीत 'म्हणून' येतो. त्याऐवजी दोनच वाक्ये द्या: पाऊस पडत होता, आम्ही खेळायला गेलो. मध्ये 'तरी' घातला तर पाऊस ही अडचण ठरते, 'म्हणून' घातला तर पावसात भिजण्याची हौस दिसते. जोडशब्दाने अर्थ बदलतो हे मुलांना इथे स्वतःच उमगते.

'आणि मग' पानात दोनदाच वापरायची मुभा ठेवा. त्याच्या जागी क्रियापदाची रूपे शिकवा: "दप्तर ठेवून मी अंगणात धावलो." इथे हमखास एक चूक होते: "पाऊस थांबून आम्ही बाहेर पडलो." थांबला पाऊस, बाहेर पडलो आम्ही, कर्ते वेगळे, म्हणून 'थांबल्यावर' हवे.

परिच्छेद चार-पाच वाक्यांचा पुरे. वेळ, जागा किंवा मुद्दा बदलला की नवा परिच्छेद.

शेवटी परीक्षा. एका परिच्छेदाची वाक्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहून घ्या, पट्ट्या मिसळा आणि शेजारच्या मुलाला लावायला द्या. त्याने मूळ क्रम जुळवला तर वीण घट्ट आहे. जिथे तो चुकला तिथलेच वाक्य लिहिणाऱ्याने दुरुस्त करायचे. सगळा निबंध पुन्हा लिहायला लावू नका. त्या दिवशी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना लाल पेन लावू नका, नाहीतर मुलांचे सगळे लक्ष तिकडेच जाते.