पॅनल शांत झालं की जागे व्हा

एओसीपी (आयटीआयचा केमिकल प्लांट ऑपरेटरचा कोर्स) किंवा केमिकलचा डिप्लोमा करून टीटीसीतल्या, म्हणजे नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या, प्लांटच्या डीसीएसवर (कंट्रोल रूममधून प्लांट चालवायच्या कॉम्प्युटर पॅनलवर) बसणार असाल, तर लूप, ट्रेंड, इंटरलॉक तुम्हाला ठाऊकच असतील. मी कुठे फसलो तेवढंच सांगतो.

पवणे एमआयडीसी, पॅनलवरचा चौथा महिना, नाइट शिफ्ट. दीडला बॉयलर ट्रिप झाला. तासभर नुसता गोंधळ, वॉकीटॉकीवर फील्डवाले ओरडतायत, स्क्रीनभर लाल ओळी. एकही चूक केली नाही मी. पावणेतीनला सगळं जागेवर आलं, इन्चार्ज म्हणाले, "शाब्बास, चहा घे."

घेतला. आणि गडबडीत एका रिॲक्टरचा जॅकेट लूप (त्याचं तापमान आपोआप सांभाळणारं नियंत्रण) हाताने चालवायला मॅन्युअलला टाकला होता, तो ऑटोला आणायचाच राहिला. तापमान अर्ध्या-अर्ध्या अंशाने चढत होतं. मी झोपलो नव्हतो हो, स्क्रीनकडेच बघत होतो! हाय अलार्म आला, तोही ॲक्नॉलेज केला, म्हणजे 'बघितला' म्हणून बटण दाबलं. तासभर तेच करत होतं ना बोट. लॉगमध्ये नोंद आहे, ३.१८, माझ्याच लॉगिनवर. बॅच गेली.

दहा मिनिटांत दहापेक्षा जास्त अलार्म म्हणजे फ्लड, अलार्मचा पूर, हे ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात. १९९४ च्या ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवन रिफायनरीच्या स्फोटाआधी ११ मिनिटांत २७५ अलार्म आले होते, तेही सांगतात. फ्लड ओसरल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही. मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये दाखवलं की नुसत्या काट्यावर नजर ठेवायला बसवलं, तर पहिल्या अर्ध्या तासातच माणसाच्या नजरेतून खुणा निसटू लागतात. आमच्याकडे त्यात भर अशी, की डोकं तासभर पळालेलं असतं आणि अचानक करायला काहीच उरत नाही.

सीनियर म्हणतात, "सवय होते." होते, बोटाला. 'सगळे एकदम ॲक्नॉलेज' हा शॉर्टकट शिकवणाऱ्याकडून बाकी काहीही शिका, तो सोडून.

घाबरू नका, चौथ्या महिन्यात असं होतं. पण गडबड संपली की चहाआधी कागद घ्या आणि मॅन्युअलला असलेले लूप हाताने लिहा. ट्रेंडची (तापमानाच्या आलेखाची) रेंज ० ते १५० ठेवलीत तर पाच अंशांची चढण सपाट दिसते, वीस अंशांवर आणा. शेजारच्याशी पंधरा मिनिटं पॅनल बदलून घ्या.

मी अजून फील्डवर फोन करतो, "काका, जॅकेटचा गेज बघता का?" काका वैतागतात. पण जातात.