जुनी लिव्हरवाली विंचेस्टर रायफल कुठल्या सालची, हे कसं ओळखायचं

इथे अमेरिकेत गन शोला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "ही १८९४ ची आहे, नळीवरच कोरलंय बघा". कोरलेलं असतं खरं, २१ ऑगस्ट १८९४, पण ती पेटंटची तारीख आहे, बंदूक बनल्याची नाही. तोच शिक्का मारून पुढे कित्येक वर्षं माल निघत होता आणि या एका गोष्टीत लोकांचे चिकार पैसे जातात, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी बंदूक रिकामी आहे का बघा. लिव्हर (ट्रिगरभोवतीची दांडी) उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसून उडतं ती जागा, रिकामा दिसला एवढ्यावर थांबू नका, नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतूस राहिलेलं असू शकतं.

मग मॉडेल ओळखायचं. खाली १८७३, १८९४ वगैरे म्हणतोय ती मॉडेलची नावं, तुमच्या हातातली बंदूक बनल्याची सालं नव्हेत. १८६० ची हेन्री, म्हणजे विंचेस्टरची पूर्वज, पितळी दिसते, काडतुसं ट्यूबच्या पुढच्या टोकाकडून भरायची आणि नळीखाली लाकूड नाही. १८६६ ची पण पिवळीच, पण तिच्या बाजूला काडतूस आत सरकवायला झडप आली, नेल्सन किंगची आयडिया, आणि त्यामुळे पुढे लाकूड बसवता आलं. १८७३ ला बॉडी लोखंडाची झाली. १८८६, १८९२, १८९४ ही तिन्ही जॉन ब्राउनिंगची डिझाइनं, १८९५ पण त्याचंच पण तिला ट्यूब नाही, खाली पेटीसारखं मॅगझीन, पहिल्या महायुद्धात रशियाने यातल्या जवळपास ३ लाख घेतल्या.

आता सिरियल नंबर. १८७३ वर तो लिव्हरच्या मागे, खालच्या पट्टीवर असतो, १८९४ वर रिसिव्हरच्या (मधल्या धातूच्या बॉडीच्या) खाली पुढच्या बाजूला. भिंग घ्या, जोरात घासू नका, पॉलिश तर अजिबात नको, त्या काळपट जुन्या थराचीच किंमत असते. नंबर मिळाला की तक्त्यात साल बघायचं, फक्त तक्ते एकापेक्षा जास्त आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. एरवी वर्ष-दोन वर्षांनी बिघडत नाही पण १८९८ च्या आसपास बिघडतं, कारण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटीक धरतात आणि त्यानंतरची नाही.

नंबरची खात्री करायला कॅलिबर, म्हणजे नळीवर कोरलेला काडतुसाचा प्रकार, बघा. १८७३ आली ती ४४-४० मध्ये, ३२-२० त्यात १८८२ ला आलं. मग ३२-२० चा शिक्का आहे आणि नंबर १८७६ चा निघतोय तर नळी नंतर बदललेली आहे, सरळ हिशोब. १८९४ चं पण तसंच, सुरुवातीला ३२-४० आणि ३८-५५, प्रसिद्ध ३०-३० आलं १८९५ मध्ये. आणि १८९४ मॉडेलचा नंबर २७ लाखांच्या पुढे असेल तर ती १९६४ किंवा त्यानंतरची, तेव्हा कंपनीने खर्च वाचवायला बरेच पार्ट स्वस्तातले केले, जुने शौकीन तिच्याकडे बघत पण नाहीत आणि मला ते पटतं.

मोठी रक्कम द्यायची असेल तर वायोमिंगमधल्या कोडी गावच्या फायरआर्म्स म्युझियमकडून लेटर, म्हणजे त्या नंबरच्या बंदुकीची नोंद सांगणारं पत्र, मागवा. कारखान्याच्या हाताने लिहिलेल्या वह्या त्यांच्याकडे आहेत, सगळे नंबर त्यात नाहीत, १८९४ चे साधारण ३,५३,९९९ पर्यंतच सापडतात. पण सापडला तर कॅलिबर काय, नळी गोल की अष्टकोनी, गोदामात कधी आली, बाहेर कधी गेली एवढं कळतं. लेटरात गोल नळी आणि तुमच्या हातात अष्टकोनी असेल तर भाव त्या हिशोबाने पाडून मागा.