जुनं पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर घेण्याआधीची तयारी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि रेंजवर नेमबाजीची गोडी लागलेल्या मराठी मंडळींसाठी ही यादी आहे. पॉइंट टू-टू म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीची गोळी. पहिली तयारी कागदांची. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर संघीय कायद्यानुसार बंदूक जवळ बाळगणंच साधारणपणे गुन्हा ठरतो. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर एक पाऊलही टाकू नका. मित्राच्या नावावर घेऊ, हा विचार तर मनातही आणू नका. त्यात घेणारा आणि घ्यायला लावणारा दोघेही अडकतात. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल, तर परवानाधारक दुकानातून घेताना वय २१ पूर्ण हवं, खरेदीचा संघीय फॉर्म ४४७३ भरायचा आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊ द्यायची. विकणारा दुसऱ्या राज्यातला असेल, तर हँडगन आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानामार्फतच हाती येते. न्यू जर्सीत खरेदीचा परमिट आधी काढावा लागतो, कॅलिफोर्नियात १० दिवस थांबावं लागतं. आपल्या राज्याचे नियम वाचूनच घराबाहेर पडा.

मग काय घ्यायचं ते ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: जुन्यात घ्यायचं तर रुगर सिंगल-सिक्स किंवा स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १७. पहिलं दणकट आणि साधं. दुसऱ्याचा ट्रिगर इतका गुळगुळीत की निशाणा शिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही. हेरिटेज रफ रायडर नवीनच इतकं स्वस्त मिळतं, की ते वापरलेलं घेण्यात अर्थ नाही.

खिशात छोटा टॉर्च, भिंग, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पॉइंट टू-टूची डमी काडतुसं ठेवा. रिव्हॉल्व्हर हातात आलं की नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब, आणि प्रत्येक चेंबर (काडतूस बसायचं भोक) रिकामं असल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करा. दुकानदाराने आत्ताच तपासलं असलं, तरीही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर असतं, म्हणजे त्यात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. हॅमरचा (बंदुकीच्या घोड्याचा) फटका ती कड चेंबरच्या काठावर चेपतो, तेव्हा गोळी सुटते. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर कोणी वर्षानुवर्षं हौसेने ओढत बसलं असेल, तर फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी अणी) थेट त्या काठावर आदळून तिथे खळगी पडते. खळगीतली कड नीट चेपली जात नाही आणि काडतूस फुसकं जातं. शिवाय दबलेलं लोखंड चेंबरच्या आत सरकतं, मग काडतूस बसताना अडतं आणि पुंगळी बाहेर यायला कुरकुरते. म्हणून टॉर्च आणि भिंग घेऊन प्रत्येक चेंबरचा काठ बघा, एकही सोडू नका. बाहेरची निळी झळाळी नंतर बघा. घासटलेल्या रंगाने निशाणा चुकत नाही. चेंबरच्या आत काळं कडं दिसलं, तर बहुधा तिथे शॉर्ट, म्हणजे आखूड, काडतुसं भरपूर झाडलेली असतात. ब्रशने निघालं तर काजळी, नाहीतर धातूच झिजलाय.

यानंतर परवानगी मागा आणि डमी घालून हॅमर सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर (चेंबरं असलेला फिरता भाग) टक्कन जागेवर अडकला पाहिजे. सहाही चेंबरवर हे करा, कारण एखादंच आळशी असतं. हॅमर पूर्ण मागे असताना त्याला अंगठ्याने पुढे रेटा. ट्रिगरला हात न लावता तो सुटला, तर तिथूनच नमस्कार करून निघा. सिलिंडर आणि नळी यांच्यात ४ ते ८ हजारांश इंच फट ठीक. नळीत उजेड टाकून बघताना कुठे काळी गोल रेघ दिसली, तर आत गोळी अडकून नळी फुगलेली असू शकते.

सिंगल-सिक्सचा सांगाडा बाजूने बघा. तीन स्क्रू दिसले, तर ते १९७३ पूर्वीचं, म्हणजे मुळात ट्रान्सफर बार (ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा फटका पुढे पोहोचू न देणारी पट्टी) नसलेलं. अशात हॅमरखालचं चेंबर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरायची, नाहीतर हातातून पडलं तरी गोळी सुटू शकते. रुगर कंपनी ट्रान्सफर बार बसवण्याचा बदल मोफत करून देते. बदल झालेला असेल, तर काढलेले मूळ भाग सोबत आहेत का विचारा, संग्राहक त्यांना किंमत देतात. पॉइंट टू-टू मॅग्नम या मोठ्या काडतुसाचा जादा सिलिंडर देत असतील, तर त्यावर कोरलेले शेवटचे तीन आकडे सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. आणि मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये साधी लाँग रायफल (पॉइंट टू-टूची नेहमीची) काडतुसं कधीही घालू नका. पुंगळी सैल बसते आणि फुगून फाटते.

सौदा ठरण्याआधीच घरी कुलपाची तिजोरी बसवलेली हवी, विशेषतः मुलं असतील तर. काडतुसं वेगळी, वेगळ्या कुलपात. पहिल्यांदा रेंजवर नेताना डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, आणि दोन-तीन कंपन्यांची स्टँडर्ड व्हेलॉसिटी (नेहमीच्या वेगाची) काडतुसं. प्रत्येक रिव्हॉल्व्हरला वेगळीच मानवतात. परतल्यावर खाण्याआधी हात साबणाने धुवा, शिसं बोटांवर राहतं.