छोटा बेस ॲम्प तपासताना या चुका टाळा (आणि जरा दम धरा)

गणपती जवळ आले की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच साच्याचे मेसेज सुरू होतात. "दादा नवीन ॲम्प घेतलाय, खरं आवाजात दम नाय, बघा की जरा." आणि खाली पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ.

पहिली चूक इथंच. बेस गिटारची मोकळी ई तार 41 हर्ट्झला वाजते, ए 55 ला, डी 73 ला, जी 98 ला. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून यातलं मूळ काही बाहेरच येत नाही, जे ऐकू येतं ते वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच सुराचे दुप्पट-तिप्पट हर्ट्झचे भाग. म्हणजे तुम्ही मोबाईलवर रेकॉर्ड केलं, मी मोबाईलवर ऐकलं, आणि दोघं मिळून ज्याच्यावर चर्चा करतोय तो बेस मधल्या मधे गायब. यूट्यूबवरचे रिव्ह्यू मोबाईलवर ऐकून ॲम्प ठरवणाऱ्यांना पण हेच लागू. निदान बरा हेडफोन तरी लावा.

8 इंची स्पीकरकडून डीजेची अपेक्षा

कॉम्पॅक्ट म्हटलं की स्पीकर 8 किंवा 10 इंची येणार, फार तर 12. फेंडर कंपनीच्या रम्बल ॲम्पमधेच बघा, 25 वॉटला 8 इंची, 40 ला 10, 100 ला 12. आठ इंची कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) 41 हर्ट्झ जोरात ढकलू शकत नाही, तेवढी हवा हलवायची त्याची ताकदच नाही. तो 82 हर्ट्झ, म्हणजे त्याच सुराचा वरचा भाग चांगला देतो आणि खालचा सूर आपला कान स्वतःच भरून घेतो. त्यामुळं घरात प्रॅक्टिसला तो मस्त वाटतो. पण पोरं काय करतात, छातीत धडधड होत नाही म्हणून बेसचा नॉब पार शेवटपर्यंत फिरवतात. मग कोन फडफडायला लागतो, मागच्या पोर्टमधून (ॲम्पच्या डब्याला मुद्दाम ठेवलेलं भोक) फस्‌फस् हवा येते आणि वर म्हणायचं ॲम्प फाटका आहे. नॉब मागं घ्या, मिड (मधल्या सुरांचा नॉब) थोडा वर करा, बघा तोच ॲम्प कसा वागतो ते.

पाच तारांचा बेस असेल तर लो बी 31 हर्ट्झला असते. छोट्या ॲम्पवर तिचा न्याय करायलाच बसू नका.

खोलीचा दोष ॲम्पच्या माथी

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शहापुरातल्या एका पोराचा फोन आला. कॉलेजात आहे, हात चांगला आहे, सबुरी शून्य. 25 वॉटचा नवा ॲम्प, आठवडा झाला नाही तोवर निम्म्या किमतीत विकायला काढलेला. म्हणाला, "काका, ए वर गेलं की नुसतं घुमालंय, बाकीच्या सुरांना काय नाय. आणि वरनं करकर पण येतीय. पीस खराब लागलाय." मी म्हटलं थांब, कुणाला देऊ नको, संध्याकाळी येतो.

गेलो तर खोली बरोबर 10 बाय 10. ॲम्प कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेला, हा समोरच्या भिंतीला पाठ लावून कॉटवर बसलेला. आता हिशोब बघा. दोन भिंतींमधे 10 फूट अंतर असलं की 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या खोलीत फुगतो, ते त्या अंतराचं गणितच आहे. आणि मोकळी ए तार किती? 55. खोली चौकोनी, म्हणजे लांबीकडून पण फुगतो आणि रुंदीकडून पण त्याच ठिकाणी फुगतो. त्यात ॲम्प कोपऱ्यात ठेवला की खालचे सूर अजून वाढतात, आणि भिंतीला टेकून बसलेल्याच्या कानाला ही फुगवटी सगळ्यात जास्त ऐकू येते. म्हणजे जेवढं चुकीचं करता येईल तेवढं सगळं एकाच खोलीत जमवून ठेवलेलं.

मी त्याला ई तारेवर पाचव्या फ्रेटचा (दांड्यावरच्या पट्टीचा) ए वाजवायला लावला. तोही तसाच घुमला. म्हणजे दोष तारेचा नाही, तारेचा आवाज उचलणाऱ्या पिकअपचा नाही, तो सूरच फुगतोय. मग खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवून तिथं बसवला, ॲम्प कोपऱ्यातनं काढून भिंतीपासून हातभर पुढं आणला. घुमणं बरंचसं गेलं. तरी त्याच्या तोंडावर विश्वास दिसेना म्हणून ॲम्प उचलून गच्चीवर नेला. तिथं ए आणि बाकीचे सूर एका पातळीत. गच्चीवर पण तोच एक सूर फुगला असता तर मी म्हटलं असतं की हो, डब्यातच खोट आहे.

राहिली करकर. ती ॲम्पमधून येतच नव्हती. स्वयंपाकघर शेजारीच, भिंतीवर मांडणी, मांडणीवर स्टीलची ताटं उभी लावलेली. वहिनी आतनं म्हणाल्या, "मी कवापासनं सांगालोय, ताटं वाजालीत म्हणून, ऐकतोय कुठं." तोपर्यंत या बहाद्दरानं जाळी उघडून सगळे स्क्रू इतके आवळलेले की एक नुसताच गोल फिरत होता, आणि पोर्टमधे जुनी बनियन कोंबलेली. पोर्ट हा डब्याच्या आवाजाचा भाग असतो रे, ते कचऱ्याचं भोक नाही. ते बंद केलं की कंपनीनं जे ट्यून केलंय तेच बदलतं.

माझी सवय सांगतो, शास्त्र नाही. ॲम्प नवा असो की जुना, सगळे नॉब मधे, वॉल्यूम बोलण्याच्या आवाजापेक्षा थोडा वर, आणि मोकळ्या ई पासून एकेक फ्रेट करत वर जायचं, हळू, सगळ्या सुरांना सारखा जोर. कुठल्या सुराला करकर येते तो सूर धरून ठेवायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी खोलीतल्या वस्तूंवर हात ठेवत फिरायला सांगायचं. खिडकीची काच, शोकेस, ट्यूबलाईटची पट्टी, मंगलोरी कौलांच्या घरात तर कौलं पण. बऱ्याचदा इथंच सापडतं. नाही सापडलं तर मग ॲम्पची जाळी, हँडल, कोपऱ्याचे पत्रे, मागची प्लेट असं एकेक दाबून बघायचं. दाबल्यावर आवाज थांबला तो भाग ढिला. चोर्ला घाटातनं गाडीच्या डिकीत गोव्याला जाऊन आलेल्या ॲम्पचे स्क्रू ढिले असणारच, त्यात नवल नाही. आवळताना हातानं, समोरासमोरचे आळीपाळीनं, आणि लागले की थांबायचं. स्वस्त डबे चिपबोर्ड नाहीतर एमडीएफचे असतात, जादा आवळलं की आतला भुगाच निघतो.

डबा कशाचा आहे हे कळायला पोर्टमधून किंवा मागच्या कटआउटमधून टॉर्च मारा, कडेला थर दिसले तर प्लायवूड, दाबलेला भुसा दिसला तर चिपबोर्ड. आमच्याकडं खानापूर बाजूच्या पावसाळ्यात चिपबोर्ड जमिनीवर ठेवला की खालच्या कडेनं फुगतो. जुना ॲम्प घेताना मी आधी उलटा करून तळ बघतो, आवाज नंतर.

दुकानात गोड, स्टेजवर गायब

दुसरी आवडती चूक. दुकानात एकट्यानं बसून बेस फुल, ट्रेबल फुल, मिड शून्य, वर कॉन्टूरचं बटण दाबलेलं. काय गोड वाटतं! एकट्याला वाटणारच. ते बटण बहुतेक ॲम्पमधे मिडच खाली पाडतं. आणि ऑर्केस्ट्रात, जिथं कीबोर्डवाला डाव्या हातानं खालचेच सूर दाबतोय, ढोलकी आहे, पॅडवाला आहे, तिथं बेस ओळखू येतो तो मिडमुळं, साधारण 200 ते 800 हर्ट्झमधल्या भागामुळं.

निपाणीकडच्या एका मंडळाच्या कार्यक्रमात आमच्या शेजारच्या ग्रुपचा बेसिस्ट अख्खा पहिला भाग वाजवत होता आणि त्याच्याच गायकानं मधे वळून विचारलं, "तू चालू केलायस का नाही?" मध्यंतरात त्यानं वॉल्यूम वाढवला, मग नुसतं घुमायला लागलं, सूर कळेना. त्याला म्हटलं कॉन्टूर काढ, मिड दोनला कर, बेस दहाला आण. घड्याळाच्या काट्याप्रमाणं म्हणतोय मी, आकडे नव्हे. वॉल्यूमला हात न लावता बेस बाहेर आला. एकट्यानं ऐकायला तो आवाज थोडा नाकातला वाटतो. वाटू दे.

म्हणून तपासताना निदान मोबाईलवर एखादं गाणं जोरात लावून त्याच्या बरोबर वाजवून बघा. आणि ॲम्प पायाशी ठेवून वरून ऐकू नका, वरचे सूर स्पीकरमधून सरळ पुढं जातात, तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतात. चार पावलं मागं जा किंवा खाली बसा.

वॉटचा नाद

50 च्या जागी 100 वॉट म्हणजे दुप्पट आवाज नाही, 3 डेसिबलचा फरक, कानाला जेमतेम कळतो. दुप्पट मोठं वाटायला दहापट वॉट लागतात. स्पीकरचा आकार आणि त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटला तो किती आवाज देतो, ते बघा. आणि पीएमपीओ (फुगवून सांगितलेले वॉट) लिहिलेलं काही दिसलं तर दुकानातनं बाहेर या. एवढं सांगूनही 25 वॉट घेऊन ड्रमर शेजारी बसणारे भेटतातच, त्यांना माझा नमस्कार. स्टेजवर लागणार असेल तर डीआय आउट (साऊंड सिस्टीमला थेट जोडायचं सॉकेट) असलेला घ्या आणि लाईन सरळ साऊंडवाल्याला द्या.

बाकीच्या, पटापट

गुंईऽ असा हम येतोय? आधी ॲम्पमधनं केबल काढा. तरी येत असेल तर ॲम्प किंवा करंट, गेला तर बेस किंवा केबल. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर बेसच्या शील्डिंगकडं (हम अडवणाऱ्या आतल्या धातूच्या आवरणाकडं) बघा, ॲम्पवाल्याशी भांडू नका.

हम जावा म्हणून थ्री पिनची अर्थची पिन तोडणारे महाभाग अजून आहेत. मंडपात, ओल्या जमिनीवर, हातात लोखंडी तारा धरून उभं राहायचंय तुम्हाला. पिन तोडलेला ॲम्प मी वाजवतच नाही, कुणी कितीही हसू दे.

अमेरिकेतल्या नातेवाइकानं आणलेला ॲम्प लावायच्या आधी मागची पट्टी वाचा. 120 वॉल्टचा ॲम्प आपल्या 230 वर लावला की आवाज एकदाच येतो.

इनपुट जॅकमधे केबल घालून हलकी हलवा. खरखर आली, जॅक डुगडुगला, तर तो सरळ बोर्डावर सोल्डर केलेला असेल आणि सोल्डर सुटत आलं असेल. जुना घेताना यावर भाव पाडा.

नॉब फिरवताना खरखर होते त्याला काँटॅक्ट क्लीनर. डब्ल्यूडी-40 नाही, गाडीच्या नटबोल्टांसाठी आणलेलं काही नाही, खोबरेल तर नाहीच (हो, एकानं घातलंय).

कोन तपासायचा तर ॲम्प बंद, जाळी काढून दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीभोवती सारखी ठेवून अलगद आत दाबा. आत घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोनामागचं तारेचं वेटोळं) घासतंय, सोडून द्या तो ॲम्प. एका बाजूनं दाबू नका, चांगला कोन पण घासतो तसा.

गिटारच्या ॲम्पवर बेस लावून "चालतंय की" म्हणणारे, हळू आवाजात चालतंय, जोरात स्पीकर जातो.

आणि आवाज फाटतोय म्हणून ॲम्प दुरुस्तीला टाकण्याआधी ॲक्टिव्ह बेसमधली (ज्याच्या आत बॅटरीवरचं सर्किट असतं) 9 व्होल्टची बॅटरी बदला. मरत आलेली बॅटरी हुबेहूब फाटक्या स्पीकरसारखी वाजते. वाजवून झालं की बेसमधनं केबल काढून ठेवत जा, केबल आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते, ॲम्प बंद केला तरी.